त्या वर्षाचा विषय

फोन वाजला तेव्हा सोफेवालीच्या तोंडात खिळे होते. जुन्या खुर्चीच्या कडेला नवं रेक्झीन ताणून धरायचं, ओठांत दाबलेल्या बारीक खिळ्यांपैकी एक जिभेने पुढे काढायचा आणि हातोडीने ठोकायचा, हे काम ती इतकी वर्षं करत होती की कुणाच्याही फोनसाठी तोंड रिकामं करायची तिला घाई नसे. फोन मुलीने उचलला आणि स्पीकरवर टाकला. पलीकडून परवाना कचेरीतली बाई म्हणाली, "डीएनए चाचणीचा निकाल आलाय. अर्जदार हे मुलीचे वडील नाहीत, असं दिसतंय. तुम्ही येऊन भेटा."

सोफेवालीने खिळे तळहातावर थुंकले. "काय नाहीत?"

"वडील नाहीत. जवळचे नातेवाईक आहेत. म्हणजे काका वगैरे. पण वडील नाहीत."

"अहो बाई, मी आई आहे तिची. मला विचारा ना वडील कोण ते! मशीनला कशाला विचारता?"

"तुमचं म्हणणं तुम्ही लेखी देऊ शकता," बाई म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

दुकानात एक गिऱ्हाईक दिवाणाचं कापड निवडत उभं होतं. त्याने निवडायचं थांबवलं आणि मग उगाचच जास्त मन लावून निवडायला लागलं. मुलगी, बिट्टी, फोनकडे बघत राहिली. सोफेवालीच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, पण ती काढायची कुणावर? तिने पुढचा खिळा इतक्या जोरात ठोकला की खुर्चीच्या पायाला तडा गेला.

प्रकरण खरं तर साधं होतं. तिचा नवरा समुद्रापलीकडे एका बंदरात क्रेन चालवत होता. कितीतरी वर्षं एकटा राहून, हाताने रांधून खाऊन, शेवटी त्याला तिथे कायम राहायची परवानगी मिळाली. आता बायकोला आणि मुलीला नेता येणार होतं. पण मुलीला अठरा पूर्ण व्हायच्या आत. नंतर तिचा हक्क संपला. बिट्टीचा जन्मदाखला कसल्याशा धावपळीत उशिरा काढलेला, त्यामुळे कचेरीने म्हटलं, बाप-लेकीची चाचणी करा. त्यात काय मोठंसं, असं सोफेवालीला वाटलं. त्याने तिथल्या दवाखान्यात रक्त दिलं, बिट्टीने इथे दिलं. सोफेवालीने तर बॅगाही माळ्यावरून खाली काढल्या होत्या.

आणि निकालात नेमका काका निघाला. दुसरं कुणी निघालं असतं तर लोक निदान गोंधळले तरी असते. धाकटा दीर मागच्याच गल्लीत राहायचा. त्याचा टेम्पो होता, तिचे सोफे तोच पोचवायचा. बिट्टीच्या शाळेत पालक म्हणून तोच जायचा, नळ गळायला लागला तर पाना घेऊन तोच यायचा, आणि दुपारी जेवायला पान इथेच. लग्न केलं नव्हतं. हाक न मारता सरळ स्वयंपाकघरात यायचा आणि भांड्यांची झाकणं उघडून बघायचा. इतकी वर्षं यात कुणाला काही दिसलं नव्हतं. आता सगळ्यांना सगळंच दिसायला लागलं. ज्या गिऱ्हाइकाला दिवाणाचं कापड पसंत पडत नव्हतं, त्याने बातमी मात्र चटकन पसंत करून घरोघर पोचवली.

संध्याकाळी नवऱ्याचा फोन आला.

"निकाल मलाही आलाय," तो म्हणाला.

"मग? काय म्हणायचंय तुम्हाला?"

"मी काही म्हणत नाहीये."

"काही तरी म्हणा!"

"काय म्हणू? मशीन कशाला खोटं बोलेल?"

"म्हणजे मी बोलते?"

"मी असं म्हटलं का?"

"अहो, मग काय म्हटलंत?"

"मी काहीच म्हटलं नाही," तो म्हणाला, आणि ते अगदी खरं होतं. त्याने आरोप केला असता तर ती तुटून पडली असती. शिव्या घातल्या असत्या तर दुपटीने घातल्या असत्या. पण मूग गिळून बसलेल्या माणसाशी भांडायचं कसं? रोज येणारा त्याचा फोन मग एक दिवसाआड झाला, आणि पुढे कामाचा ताण आहे म्हणून जवळजवळ बंदच झाला. भावाला तर त्याने एकदाही फोन केला नाही.

बिट्टी दोन दिवस आईच्या मागे मागे फिरली. कापड कापताना टोक धरायला आली, न सांगता दुकान झाडलं. शेवटी म्हणाली, "आई, चिडणार नसशील तर एक विचारू?"

"चिडणार आहे. विचारू नकोस."

बिट्टीने विचारलं नाही. पण तिला विचारावंसं वाटलं, हेच सोफेवालीला जास्त लागलं. आपल्याच पोटच्या पोरीपुढे आपण उत्तर द्यायला उभं राहायचं, आणि तेही न केलेल्या गोष्टीचं! रात्रभर तिचा डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी उठली ती थेट दिराच्या दारात.

"भाऊजी, चला. तुमचं पण रक्त द्यायचं."

दीर टेम्पोखाली आडवा होता. तो बाहेर आला नाही, नुसते पाय हलले. "नको वहिनी. लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणून मोकळे झाले. आता आपली पाळी. तुमचं रक्त तपासलं की निदान तुम्ही तरी सुटाल यातून."

"आणि तुम्ही?"

"मग राहिलं कोण? मग बघतेच मी त्या मशीनकडे."

दीर गेला. गेले दोन-तीन दिवस तो जेवायला येत नव्हता, पण रक्त द्यायला आला. सुई टोचली तेव्हा त्याने भिंतीकडे बघितलं. परत येताना, लोकांनी बघू नये म्हणून, त्याने तिला टेम्पोत पुढे बसवलं नाही, मागचं फळकूट उघडलं. ती आपणहून पुढे बसली आणि दार आपटलं.

या निकालाने डोक्याचा पार भुगा केला. प्रयोगशाळेत काचेमागे बसलेल्या गृहस्थाने तिला आत बोलावलं, दार लावलं आणि चेहरा कडक करून तो म्हणाला, "बाई, तुम्ही आम्हाला काय समजता?"

"का? काय झालं?"

"हे दोन नमुने दोन माणसांचे नाहीत. एकाच माणसाचे आहेत. तुमच्या दिराने तिकडे जाऊन दिलं, की तुमच्या नवऱ्याने इकडे येऊन दिलं, हे तुम्हीच सांगा."

"अहो, एक समुद्रापलीकडे क्रेनमध्ये बसलाय, दुसरा बाहेर टेम्पोत बसलाय. काच पुसा आणि बघा!"

"जुळे आहेत?"

"आठ वर्षांचं अंतर आहे. जुळ्यांना इतका वेळ लागतो का?"

गृहस्थाला हसू आलं नाही. फसवणुकीचा शेरा मारून फाइल कचेरीकडे जाईल, शेवटची सुनावणी होईल, तिथे काय ते सांगा, असं म्हणून त्याने हात वर केले. सोफेवाली बाहेर आली तेव्हा तिला धड रडता येत नव्हतं की ओरडता. आधी ती बदफैली होती, आता लबाडही झाली होती. आणि मुलीला बाप होता तो गेलाच, काकाही धड राहिला नाही.

टेम्पोत बसल्याबसल्या तिने सगळं दिराच्या अंगावर ओतलं. दीर दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून ऐकत राहिला. गाडी सुरू करेना. शेवटी म्हणाला, "वहिनी, एक सांगू? ते वर्ष..."

"कोणतं वर्ष?"

"ते. विषय काढायचा नाही ना, म्हणून..."

सोफेवालीला आठवलं.

ते वर्ष म्हणजे बिट्टी चार वर्षांची होती ते. तिच्या बापाला रक्ताचा कॅन्सर झाला होता. औषधांनी भागेना, तेव्हा डॉक्टर म्हणाले की हाडांतला मगज, बोन मॅरो, बदलायला लागेल. तपासण्या झाल्या आणि धाकट्या भावाचा जुळला. त्याचा काढला आणि थोरल्याला चढवला. थोरला वाचला. पण वाचल्यावर पुढे काय? क्रेनच्या उंच केबिनमध्ये असल्या दुखण्यातून उठलेल्या माणसाला कोण बसवणार? मग सोफेवालीनेच घरात नियम घातला. आजाराचं नाव घ्यायचं नाही. कुणी विचारलं, तर कावीळ झाली होती म्हणायचं. तिने हॉस्पिटलच्या फायली रद्दीतसुद्धा दिल्या नाहीत, चुलीत घातल्या. घरात बोलायचीच वेळ आली तर 'ते वर्ष' म्हणायचे, आणि पुढे पुढे तेही म्हणेनासे झाले. नवरा इतका तयार झाला की डॉक्टरने विचारलं तरी पापणी न लवता 'काही नाही' म्हणायचा.

"माझंच रक्त आहे ना दादाच्या अंगात," दीर म्हणाला. "तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, यापुढे ह्याचं रक्त भावासारखंच तयार होणार. मला वाटतंय, मशीनने तिकडे मलाच पकडलं."

"मग आधी का नाही बोललात?"

"तुम्हीच तर सांगितलं होतं. मेलो तरी बोलायचं नाही."

तिला त्याच्या एक ठेवून द्यावीशी वाटली आणि त्याच वेळी स्वतःच्याही. इतके दिवस हा माणूस बदनामी अंगावर घेऊन उपाशी बसला, आणि तोंडाला कुलूप का, तर वहिनीने लावलं होतं म्हणून! ती टेम्पोतून उतरली आणि तरातरा परत काचेमागच्या गृहस्थाकडे गेली.

गृहस्थाचा कडकपणा या वेळी जरा उतरला. "मॅरो बदललाय? मग रक्तात दात्याचाच डीएनए येणार. होतं असं. रक्त देताना विचारतात की, असा उपचार झालाय का म्हणून. त्यांनी नाही सांगितलं?"

"नसणार सांगितलं."

"मग केस घ्यायचे. मुळासकट उपटलेले. केसांत त्यांचा स्वतःचा असतो. पण आधी त्यांनी स्वतः सांगायला हवं. तुमच्या सांगण्यावर मी काही करू शकत नाही."

हॉस्पिटलवालेही तेच म्हणाले. ज्याचा आजार त्याची सही आणा. दिराने मी साक्ष देतो म्हटलं, तर त्याच्यावरच तर संशय होता. म्हणजे सगळ्या वाटा फिरून नवऱ्याच्या तोंडाशी येत होत्या. तरीही सोफेवाली खूश होती. घरी येऊन तिने हात धुतले, चहा टाकला आणि फोन लावला. आता तो हसेल, स्वतःच्या कपाळावर हात मारून घेईल, भावाची माफी मागेल, असं सगळं तिने मनात मांडून ठेवलं होतं.

त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "असं आहे होय! तरीच. बरं झालं कळलं."

"मग उद्याच सांगून टाका त्यांना."

"वेडी आहेस का?" तो म्हणाला. "दर वर्षी तपासणीच्या वेळी मी सांगतो की मला कधीच काही झालेलं नाही. आता हे कळलं तर लायसन्स जाईल. क्रेन गेली तर मी इथे करू काय? गोण्या उचलू?"

"पण मग बिट्टी?"

"बिट्टीचं बघू नंतर. शिकायला म्हणून येईल. काहीतरी निघेल."

"आणि माझं?"

"तुझं काय? मी काही बोललोय का तुला? माझा विश्वास आहे तुझ्यावर."

"तुमचा एकट्याचा? गल्लीत तोंड काढता येत नाही मला. भाऊजी घरात पाय ठेवत नाहीत. पोर माझ्याकडे कशी बघते ते तुम्हाला तिथून दिसत नाही!"

"लोक विसरतात गं चार दिवसांनी. आणि हे कुणाला सांगायचं नाही, असं तूच म्हणाली होतीस ना?"

हे मात्र तिच्या वर्मी लागलं, कारण ती खरंच म्हणाली होती. त्याची क्रेन वाचावी म्हणूनच म्हणाली होती. पण यापेक्षा संशय घेणारा नवरा परवडला असता असं आता तिला वाटलं. संशय घेणाऱ्याला निदान खरं काय ते माहीत नसतं. याला आता सगळं माहीत होतं. बायको स्वच्छ आहे, भाऊ स्वच्छ आहे, मुलगी आपलीच आहे. आणि तरी तो हे सगळं असंच राहू द्यायला तयार होता.

ती रोज फोन करत राहिली. समजावलं, रडली, शिव्या दिल्या, बिट्टीच्या वयाची आठवण दिली. तो रोज 'बघतो' म्हणायचा. दुकानात कामाचा ढीग साचला. एका खुर्चीला तिने पाठीचं कापड बैठकीला लावलं, गिऱ्हाईक ओरडलं तर त्यालाच चार शब्द सुनावले. बिट्टीला तिने खरं काय ते सांगून टाकलं. बिट्टीने मान हलवली, पण पटलं की नाही ते कळू दिलं नाही. आईने एवढं ओरडावं आणि बापाने नुसतं 'बघतो' म्हणावं, यात खरं कुणाचं धरायचं, हा प्रश्न तिच्या चेहऱ्यावर सोफेवालीला स्पष्ट वाचता येत होता.

सुनावणीच्या दिवशी दिराने दोघींना टेम्पोने कचेरीत आणलं. स्वतः आत आला नाही, फाटकाशी बाकावर बसला. आतल्या खोलीत चष्मेवाली अधिकारी होती, टाइप करणारा कारकून होता आणि टेबलावर एक स्क्रीन होता. स्क्रीनवर नवरा होता. इस्त्रीचा शर्ट, मागे कसलं तरी लोखंडी कपाट. त्याने बायकोकडे बघून मान डोलावली, जशी ओळखीच्या माणसाकडे बघून डोलावतात.

सोफेवालीने सगळं सांगितलं. आजाराचं नाव घेऊन सांगितलं. इतक्या वर्षांत ते पहिल्यांदाच तिच्या तोंडून मोठ्याने बाहेर पडलं, आणि ती थांबली नाही. अधिकारी बाईने चष्मा सावरला आणि स्क्रीनकडे वळून विचारलं, "हे खरं आहे? तुम्हाला कॅन्सर झाला होता? भावाचा बोन मॅरो घेतलाय तुम्ही?"

नवरा म्हणाला, "नाही."

पापणीसुद्धा लवली नाही.

"अहो!" सोफेवाली उठून उभी राहिली. "अहो, काय बोलताय तुम्ही? जगात कुणी..."

"बाई, खाली बसा."

"मी नाही बसणार! हा माणूस खोटं बोलतोय, आणि असं खोटं बोलायला मीच शिकवलंय याला!"

"बसा, नाहीतर बाहेर जावं लागेल."

ती बसली. आता हे सगळं टाइप होणार, शिक्का बसणार, आणि ती जन्मभर दिराबरोबरची बाई म्हणून राहणार, बिट्टी कुणाची ते कुणालाच ठाऊक नसलेली पोर म्हणून राहणार. अधिकारी बाई फाइल मिटायला लागली. तेवढ्यात बिट्टीने आपली खुर्ची पुढे ओढली.

"बाबा," ती म्हणाली, "तुमच्या डोक्यावर एकही केस नव्हता. मी तुम्हाला माझी लोकरीची टोपी घातली होती. ती बसेना, तर तुम्ही म्हणालात की डोकं मोठं झालंय, कापून आणतो. मी रडायला लागले. मग काकाने स्वतःचंही डोकं भादरून घेतलं, मला हसवायला. काविळीत केस जातात का, बाबा?"

स्क्रीनवरच्या माणसाचा हात नकळत स्वतःच्या केसांकडे गेला.

"मला ते आठवतं, हे मी कधीच कुणाला सांगितलं नाही," बिट्टी म्हणाली. "मला वाटायचं मी स्वप्नात बघितलं असेल. कारण तुम्ही कुणीच कधी बोलला नाहीत. आता तुम्हीच सांगा. मी बघितलं होतं की नाही?"

त्याने चेहऱ्यावरून हात फिरवला. शर्टाची बाही नीट केली. मग म्हणाला, "बघितलं होतंस. झाला होता मला कॅन्सर. मॅरो धाकट्या भावाचा आहे. मी लपवलं. केस द्यायला तयार आहे, लिहून घ्या."

कारकुनाने लिहून घेतलं. चष्मेवालीचा आवाज मऊ झाला. केसांचा नमुना आला की फसवणुकीचा शेरा काढू, मुलीला अठरा पूर्ण व्हायच्या आत होईल सगळं, काळजी करू नका, असं ती म्हणाली. बिट्टी हुंदके देऊन रडत होती. सोफेवालीने तिच्या पाठीवर हात फिरवला. तिला आनंद व्हायला हवा होता. पण मनात एकच गोष्ट ठणकत होती: पोरीने एकदा विचारलं आणि हा बोलला. आपण इतके दिवस घसा फोडून ओरडत होतो, तेव्हा याला ऐकू येत नव्हतं.

व्हरांड्यात येतात न येतात तोच तिचा फोन वाजला. नवरा.

"झालं ना आता तुझ्या मनासारखं?" तो म्हणाला.

इतकं काही बोलायचं साचलं होतं की त्यातलं पहिलं कुठलं, हेच तिला कळेना. शेवटी ती एवढंच म्हणाली, "भाऊजींना फोन करा."

"करतो की. जरा डोकं शांत होऊ दे."

"आत्ता करा. माझ्याशी नंतर बोलला नाहीत तरी चालेल."

तिने फोन ठेवला आणि बिट्टीला घेऊन फाटकापाशी आली. दीर बाकावर बसला होता, रुमालाने गाडीची किल्ली पुसत. त्यांना बघून उठला. तेवढ्यात त्याच्या खिशात फोन वाजायला लागला. त्याने काढून नाव बघितलं. बराच वेळ बघितलं.

त्याने फोन तसाच वाजता खिशात ठेवला आणि विचारलं, "वहिनी, तुमचं काम झालं का?"

"झालं," ती म्हणाली.

"मग चला," तो म्हणाला, आणि दोघींना मागे बसायला सांगून त्याने टेम्पोचं मागचं फळकूट उघडलं.